पुसलेला धवला

गोदूबाई: मना कारनं सांगू नको, पोरी. पूस म्हनलं की पूस.

प्रणाली: अगं आजी, उद्या हळद आहे! भाविकाच्या मांडवात वाजवणार काय मग? तू गायलेला लग्नाचा एवढा एकच धवला आहे माझ्या कॉम्प्युटरमधे. गायलीस तेव्हा गळा धड होता तुझा. आता डॉक्टरांनी गाणं बंद केलंय.

गोदूबाई: माझ्या नातीच्या लग्नाचं तू मना नको सांगू. चालीस वर्सं ह्या रेवदंड्यातल्या मांडवांत मी धवलं गायलंय.

प्रणाली: म्हणून तर म्हणते. कारण तरी सांग.

गोदूबाई: यंत्रातला धवला देवाला चालत न्हाय.

प्रणाली: हे देवाने आज दुपारी कळवलं का? पंधरा दिवसांपूर्वी तूच आलीस ना माझ्या दारात? ‘प्रणाली, गला जायच्या आधी भरून घे’ म्हणालीस. तुझ्यासाठी पंखा बंद करून अर्धा तास घामात बसले होते मी.

गोदूबाई: अलिबागच्या कॉलेजात जाऊन जीभ लांब झाली तुझी. ठमी कवा येनार हाय?

प्रणाली: काकी? चारला येते म्हणाली, पेनड्राइव्ह न्यायला.

गोदूबाई: आन् आता किती वाजलं?

प्रणाली: साडेतीन.

गोदूबाई: मंग पूस ना गो! ती यायच्या आधी पूस.

प्रणाली: काकीचा काय संबंध? आजी, बस आधी. पाणी देऊ?

गोदूबाई: पानी नको. दार लाव.

प्रणाली: लावलं. आता बोल.

गोदूबाई: धवल्यात आधी काय येतं?

प्रणाली: देवांना बोलावणं.

गोदूबाई: मंग?

प्रणाली: मग घरातली गेलेली माणसं. एकेकाचं नाव घेऊन मांडवाला बोलवायचं.

गोदूबाई: व्हय. माझा सासरा, माझी सासू, मंग माझा घरवाला हसुराम. गाताना मी इचार करत न्हाय, जिभेला सवय हाय. आज सकाली तांदूल निवडत बसले व्हते. तोंडातल्या तोंडात चाललं व्हतं. हसुरामाच्या मागून... जिभेनं दत्तूचं नाव घेतलं.

प्रणाली: दत्ताकाकांचं?

गोदूबाई: माझ्या पोराचं. ठमीच्या नवऱ्याचं. जो मेला असं अजून कुनी म्हनलेलं न्हाय, त्याचं.

प्रणाली: आणि तुला वाटतंय की रेकॉर्डिंगमधे पण—

गोदूबाई: वाटत न्हाय, मना म्हायती हाय. लाव तू. ते कानाला लावतात ते लाव, जोरात नको.

प्रणाली: थांब. देव झाले... सासरे... सासूबाई... हसुराम... आजी.

गोदूबाई: हाय का?

प्रणाली: आहे. ‘हसुरामाच्या मागून ये रे दत्ता.’ अगदी स्पष्ट. मी तेव्हा फक्त आवाज नीट भरलाय का तेवढंच बघितलं. शब्द ऐकलेच नाहीत गं. सॉरी.

गोदूबाई: तू कनाला सॉरी? पोराला आईनंच मेलेल्यांत नेऊन बसवलं.

प्रणाली: असं नको बोलूस.

गोदूबाई: मंग कसं बोलू? तीन वर्सं झाली. होडी मिलाली, तो न्हाय मिलाला. दिघीपासून मांडव्यापर्यंत एक किनारा ठेवला न्हाय आमी. ज्याचं मरन कुनी बघितलं न्हाय त्याला मेलेला म्हनायचं न्हाय, हे मीच सांगितलं ठमीला. कुंकू पुसू नको, बांगड्या उतरवू नको. आन् माझ्याच तोंडानं दगा दिला.

प्रणाली: ऐक ना. मी तेवढं नाव कापते. दोन सेकंदांचं काम आहे. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही.

गोदूबाई: धवला कापत न्हाईत. पितर एकदा वाटेला लागले की मधी तोडायचं न्हाय. मना एकदा गाताना ठसका लागला व्हता, तर पहिल्यापासून गायला लावलं व्हतं माझ्या सासूनं. कापलेला धवला वाजवला आन् उद्या भाविकाला काय झालं, तर मी कुनाला तोंड दाखवू?

प्रणाली: मग राहू दे की तसाच. तीन वर्षं झालीत आजी. मनातून सगळ्यांना...

गोदूबाई: मनातून! मनातलं वेगलं आन् भोंग्यावरचं वेगलं. उद्या सगल्या गावासमोर, माझ्या आवाजात, ठमी रांडाव व्हनार. आन् धवल्यानंतर लगेच हलद. पहिलं बोट आईनं लावायचं, म्हंजे ठमीनं. तवा आपल्या बाया काय करतील? ‘तू जरा बाजूला बस गो’ म्हनतील. गोड बोलून उठवतील. मना तसंच उठवलं व्हतं, दत्तूच्या लग्नात. मी धवला गायला चालले, हलद लावायला न्हाय चालले. चुलीपाशी बसून ऐकत व्हते माझ्या पोराच्या हलदीचा गलका. ठमीला तिथं बसू देनार न्हाय मी. कललं? आता पूस.

प्रणाली: ...पुसते. हे बघ, डिलीट केलं.

गोदूबाई: कुठं गेलं?

प्रणाली: रीसायकल बिनमधे. म्हणजे कचऱ्याची टोपली समज.

गोदूबाई: आन् टोपली कुठं हाय?

प्रणाली: इथंच. कॉम्प्युटरमधे.

गोदूबाई: मंग घरातच हाय की! मना येडी समजतेस काय?

प्रणाली: टोपली रिकामी करता येते. पण खरं सांगू? तरी ते पूर्ण जात नाही. कॉम्प्युटर फक्त त्याचा पत्ता विसरतो. आवाज तिथंच पडून असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहीपर्यंत. आमच्या प्रज्योतदादाने गेल्या वर्षी उडालेले फोटो आणले होते की परत.

गोदूबाई: मंग लिही दुसरं! काय पन लिही.

प्रणाली: त्याचं सॉफ्टवेअर आहे. त्याच जागेवर नुसती शून्यं लिहीत जातं. एकदा, मग परत, मग परत. तीन फेऱ्या.

गोदूबाई: मिठागरात आमी तसंच करायचो. पायाचं ठसं उठलं की परत चिखल तुडवायचा, सपाट व्हईपर्यंत. तुडव तीनदा.

प्रणाली: टोपलीतून बाहेर काढलं, आता त्या सॉफ्टवेअरमधे टाकते. आजी, एक लक्षात घे. हे चालू केलं की मी नाही, दादा नाही, कुणीच परत आणू शकणार नाही. तुझा आवाजच राहणार नाही कुठे. भाविकाच्या पोरांना ऐकवायला पण नाही.

गोदूबाई: तुझ्या फोनमधे न्हाय ना?

प्रणाली: नाही. पेनड्राइव्हवर पण अजून घेतला नव्हता.

गोदूबाई: मंग दाब.

प्रणाली: मला रडू येतंय.

गोदूबाई: रड. पन दाब.

प्रणाली: ...दाबलं. पहिली फेरी चालू झाली. दहा टक्के. वीस.

(दारावर थाप पडते.)

ठमी: प्रणाली? भरदुपारी दार कनाला लावलंस गो?

गोदूबाई: खोलू नको.

प्रणाली: काकीच आहे. असं कसं नको खोलू?

गोदूबाई: किती झालं?

प्रणाली: पहिली फेरी संपली. दुसरी.

ठमी: प्रणाली! आत हायस ना?

प्रणाली: आले, काकी, आले! ...ये.

ठमी: आत्या? तुमी हितं? आन् मी तुमाला घरभर शोधतेय. औषध घ्यायचं र्‍हायलंय तुमचं. दे गो प्रणाली, पेनड्राइव्ह दे. मांडवात कामं पडलीत.

प्रणाली: काकी, ते...

गोदूबाई: धवला खराब निघाला. आवाज फाटलाय. पुसायला लावला मी.

ठमी: परवा तर नीट व्हता.

गोदूबाई: परवा?

ठमी: हिनं लावला व्हता ना खिडकीत. मी मागच्या ओट्यावर बोंबील साफ करत व्हते.

प्रणाली: हो... स्पीकर चेक करत होते मी. पाच-दहा मिनिटं चालू ठेवून आत गेले होते.

गोदूबाई: कुठपरेन ऐकलास ठमे?

ठमी: मामंजींच्या नावापरेन. आन् त्याच्या पुढचं.

गोदूबाई: म्हंजे दत्तूचं नाव?

ठमी: मी हात धुतले आन् उभी र्‍हायले. पुढचं काय ऐकू आलं न्हाय.

गोदूबाई: ठमे, माझ्या जिभेला किडं पडू देत...

ठमी: असं बोलू नका. प्रणाली, खरंच पुसलास?

प्रणाली: तिसरी फेरी संपली, काकी. आता नाही येणार परत. थांबवला असता तरी उपयोग नव्हता.

ठमी: मना परत एकदा ऐकायचं व्हतं गो. त्याच्यासाठीच लवकर आले.

गोदूबाई: ते कनाला ऐकायचं?

ठमी: तीन वर्सांत त्यांना कुनी हाक मारली न्हाय, आत्या. नाव निघालं की सगली गप. तुमी इतक्या मायेनं बोलावलंत, मना वाटलं, आता पायरीवर चपलांचा आवाज येतो की काय.

गोदूबाई: आन् दोन दिवस तू एक शबुद बोलली न्हायस?

ठमी: तुमी बोलायची वाट बघत व्हते.

गोदूबाई: मी तुझ्यासाठी गप र्‍हायले! तू रोज त्याचं ताट वाढतेस. कसं बोलू मी?

ठमी: मी तुमच्यासाठी वाढते.

गोदूबाई: काय म्हनलीस?

ठमी: पहिलं वर्स सरलं तवाच मना कलून चुकलं. एक दिवस न्हाय वाढलं ताट. तुमी रिकाम्या पाटाकडं बघितलंत आन् न जेवता उठलात. दुसऱ्या दिवशी परत वाढलं. कुंकूपन तसंच. तुमी सकाली पहिलं माझ्या कपालाकडं बघता.

गोदूबाई: बाई गो माझे. दोन वर्सं एकटीनं धरून ठेवलंस?

ठमी: तुमी न्हाय का धरलंत? जाऊ दे. उद्याचं बोला. लेकीचं लगीन आन् बापाला बोलावनं न्हाय, असं मी व्हऊ देनार न्हाय. धवल्यात त्यांचं नाव येनार.

गोदूबाई: आन् हलद? नाव आलं की बाया तुला उठवतील. मी बघितलंय ते.

ठमी: तुमाला उठवलं तवा मी नवी नवरी. दोघांची हलद एकाच मांडवात, मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले व्हते खाली मान घालून. चुलीकडं बघायचंसुद्धा धाडस झालं न्हाय. ते अजून सलतं मना. भाविकाला सांगितलंय मी कालच. ती म्हनाली, पहिलं बोट तुझं आन् आजीचं, न्हायतर मी पाटावर बसनार न्हाय.

गोदूबाई: माझं? दोन रांडाव बायांची हलद? गाव तोंडात शेन घालील.

ठमी: घालू दे. पोरगी कुनाची हाय?

प्रणाली: पण काकी, धवला? फाइल तर गेली. आजीचा गळा असा. गाणार कोण?

ठमी: मी. बावीस वर्सं आत्यांच्या मागून धरतेय, मना सगला येतो. नुसती एका जागी मी अडनार.

गोदूबाई: कुठं?

ठमी: त्यांच्या नावापाशी. उखान्यात सोडून मी कधी त्यांचं नाव घेतलं न्हाय. भाविकाचा बापूस म्हनायचं, न्हायतर नुसतं अवं. अशी ‘ये रे’ म्हनून हाक तर कधीच न्हाय.

गोदूबाई: मंग उद्या मांडवात पहिल्यांदा घेशील, आन् हुंदका आला म्हंजे? आता घे. हितंच. मी हात धरते तुझा.

प्रणाली: काकी, रेकॉर्ड करू?

ठमी: नको. बंद कर ते.

गोदूबाई: चल. हसुरामाच्या मागून...

ठमी: हसुरामाच्या मागून...

गोदूबाई: बोल गो. तो काय रागावनार हाय?

ठमी: ...ये रे दत्ता. आपल्या लेकीचं लगीन हाय.