सुईण की डॉक्टरीण? तुझं तू ठरव!

...आणि सगळे वर तोंड करून सांगतात काय, तर 'तुझं तू ठरव'! बसा ना, बसा, पिशवी उचलते मी. या बाकावर तिघी मावतात, म्हणजे आपल्यासारख्या दोनच... पण बसा. तुम्हाला कितवा? सातवा? मग वेळ आहे अजून. माझा नववा भरत आलाय आणि तुम्हाला सांगते, या नऊ महिन्यांत मी 'तुझं तू ठरव' हे वाक्य जितक्या वेळा ऐकलंय ना, तितक्या लाथा या पोरानंसुद्धा मारल्या नसतील. आणि ठरवायचं काय, तर बाळंतपण सुईणबाईंकडे करायचं की इथे, या डॉक्टरीणबाईंकडे! अहो, पडद्याचा रंग असता तर ठरवला असता, नाही आवडला तर बदलला असता. हा जिवाचा प्रश्न, तोही दोन जिवांचा, आणि ठरवणारी मी एकटी!

एकटी म्हणजे अगदीच कुणी नाही असं नाही हो. नवरा आहे. बोटीवर आहे. इंजिनात काम करतो. त्याच्या कंपनीसाठी आम्ही या गावात आलो, त्यानं पडद्याचे दांडे ठोकले, गॅस लावून दिला, शेजाऱ्यांची ओळख करून घेऊ म्हणाला, आणि तिसऱ्या आठवड्यात समुद्रावर गेला. शेजाऱ्यांची ओळख राहिलीच. आठवड्यातून एकदा फोन येतो, मागे ते इंजिन घरघरतंय. मी म्हटलं, "अरे, सुईण की डॉक्टर?" मला वाटलं, आता तरी काहीतरी ठाम बोलेल. तर म्हणतो, "हे बघ, शरीर तुझं आहे. तुला बरं वाटेल ते कर. तुझं तू ठरव." आणि तुम्हाला सांगते, त्या आवाजात इतका मोठेपणा होता, जणू बायकोला राज्य दिलं लिहून! मला राज्य नको होतं हो, मला कुणीतरी 'आपण ठरवू' म्हणायला हवं होतं.

मग आईला फोन. आई यायचीच होती, पण जिन्यावरून पडली आणि मांडीपासून खाली प्लास्टर. ती म्हणाली, "मला तीन झाली. थोरला सुईणीकडे, मधली दवाखान्यात आणि तू दवाखान्यात जाताना गाडीत. तिघंही धडधाकट. आता मी कुठल्या तोंडानं सांगू? तुझं तू ठरव." घ्या!

आता माझं काम काय, तेही सांगते, म्हणजे कळेल तुम्हाला. मी घरून फोनवर तक्रारी ऐकते. वॉशिंग मशीनच्या. सकाळी नऊला कानाला ते हेडफोन लावले की संध्याकाळी सहापर्यंत लोकांचे ड्रम फिरत नाहीत, पाणी जात नाही, दार उघडत नाही... परवा एका गृहस्थांनी पंचवीस मिनिटं सांगितलं की त्यांचं मशीन धुता धुता चालत चालत दारापर्यंत येतं. पंचवीस मिनिटं! मी म्हणत होते, "मी समजू शकते, सर." मग फोन संपला, हेडफोन काढले, आणि घर इतकं गप्प झालं की मला माझीच भीती वाटली. शेवटी मीच मोठ्यानं म्हणाले, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." पोटाला म्हणाले. दुसरं कुणाला म्हणणार?

तर या डॉक्टरीणबाई. वाईट नाहीत हं, मुळीच नाहीत! हात चांगला, वर ऑपरेशनची खोली, रक्ताची सोय, लहान बाळांचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर, सगळं सगळं आहे. फक्त वेळ नाही. मी घड्याळ लावून मोजलंय, सात मिनिटं! त्यात दोन मिनिटं चपला आणि झोपायचं टेबल यातच जातात. "वजन? प्रेशर? हालचाल होते? पायावर सूज? गोळ्या चालू ठेवा. पुढची तारीख घ्या." मी चिठ्ठीवर अकरा प्रश्न लिहून नेले होते. दुसऱ्या प्रश्नाला त्या उठून हात धूत होत्या. उरलेले नऊ मी घरी येऊन वॉशिंग मशीनच्या तक्रारींच्या मधे मधे स्वतःला विचारले. उत्तरं मला कुठून येणार!

आणि मग त्या सुईणबाई. तसं काही समजू नका, रीतसर शिकलेल्या आहेत, परवाना भिंतीला लावलाय. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. एका खोलीत खाट, दुसरीत एक मऊ, खचलेला सोफा, त्यात बसलं की उठायला हात द्यावा लागतो, आणि त्या देतात. पोट टेपनं मोजतात, लाकडी नळी लावून कान टेकतात आणि डोळे मिटून ठोके ऐकतात. मग विचारतात, "जेवतेस ना नीट?" मी म्हटलं, हो. "झोप?" म्हटलं, लागते अधूनमधून. "आणि रडतेस का गं?" ...आता हा काय प्रश्न झाला का? मी म्हटलं, छे, रडायला काय झालंय! आणि जी सुरू झाले, ती चाळीस मिनिटं. खाली तो सायकलवाला ठोकतोय, वर मी हमसून हमसून रडतेय, आणि बाई शांतपणे नॅपकिन देतायत. एक तास बसवून घेतलं मला. एक तास! जाताना म्हणाल्या, "तब्येत सरळ राहिली तर मी आहे. काही वेडंवाकडं दिसलं तर मी स्वतः डॉक्टरकडे नेईन." मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा, काय करू? तर त्यासुद्धा! "सगळं नीट समजून घे, आणि तुझं तू ठरव."

मला सांगा, एकीकडे जीव वाचवायची सोय, दुसरीकडे हात धरायची सोय. या दोन्ही सोयी एकाच जिन्यावर का नसतात हो? मला जन्माला घालायचंय एकच मूल, आणि त्यासाठी मी गावाच्या दोन टोकांना खेटे घालायचे?

घातले. खेटे घातले मी! ठरेना, म्हणून दोन्हीकडे नाव घातलं. सोमवारी इथे, गुरुवारी तिथे. दोन कार्डं, दोन तारखा, दोनदा रक्त. इथे विचारलं, "दुसरीकडे कुठे दाखवता का?" मी म्हटलं, छे! तिथे सुईणबाईंनी विचारलंच नाही, म्हणून तिथे खोटं बोलावं लागलं नाही, तेवढंच पुण्य. आणि खरं सांगू का? आता तुमच्यापाशी काय लपवायचं, आपण दोघी एकाच बाकावर आहोत. तिथे मी बाळंतपणासाठी जातच नव्हते. मी त्या एका तासासाठी जात होते. पोटाच्या निमित्तानं.

पण घोळ झाला तो फॉर्मवर. दोन्हीकडच्या फॉर्मवर एक रकाना असतो. 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे? जवळच्या नातेवाइकाचा नंबर.' आता मी लिहू काय? नवऱ्याचा नंबर लिहिला तर तो लागणार पुढच्या बंदरात. आईला कळवून आई येणार कशी, प्लास्टर घेऊन? इथे टेबलावरची ती मुलगी माझ्याकडे बघत पेन आपटतेय, "रिकामा नाही चालत हं तो रकाना." या गावात मला तोंडपाठ असलेला नंबर एकच. सुईणबाईंचा. दिला ठोकून! आणि गुरुवारी तिकडे तोच रकाना समोर आला, तेव्हा... हसू नका... तिकडे या दवाखान्याचा नंबर लिहिला. दोघी एकमेकींना कशाला फोन करतील, असं वाटलं होतं मला.

आणि गेल्या महिन्यात एका सोमवारी मी झोपून राहिले. डोकं ठणकत होतं, म्हणून इथे आलेच नाही. नेमका त्याच दिवशी माझ्या लघवीचा रिपोर्ट आला आणि तो काही बरा नव्हता. माझा फोन बंद. मग टेबलावरच्या मुलीनं लावला नातेवाइकाला फोन. "तुमची पेशंट आली नाही." सुईणबाई म्हणाल्या, "माझी पेशंट? माझ्या सगळ्या पेशंट येऊन गेल्या." "अहो, तुमच्या घरातली!" "माझ्या घरात कुणी पेशंट नाही." शेवटी माझं नाव निघालं. सुईणबाईंनी फोन ठेवला, घाबरल्या, माझ्या नातेवाइकाला कळवावं म्हणून वही काढली, नंबर फिरवला... आणि परत तीच मुलगी! "मी तिच्या नातेवाइकांशी बोलू शकते का?" मुलगी म्हणते, "नातेवाईक तुम्हीच ना?" "छे, माझ्याकडे तर तुमचा नंबर आहे!" तुम्हाला सांगते, त्या दोघींनी शोध शोध शोधलं, आणि निघालं काय, तर मला कुणीच नाही.

अर्ध्या तासात दारावर थाप. मी डोळे चोळत कामाला बसले होते, कानात हेडफोन, एक बाई सांगतायत की मशीनमध्ये त्यांचा मोजा अडकलाय, आणि दारात सुईणबाई! तीन जिने चढून धापा टाकतायत. माझ्या दंडाला पट्टा बांधला, प्रेशर घेतलं, आकडा बघितला, आणि माझे हेडफोन काढून त्या मोज्याच्या बाईंना म्हणाल्या, "ताई, हिला दवाखान्यात नेतेय. मोजा दुपारी."

मग इथे, या समोरच्या दाराच्या आत, डॉक्टरीणबाई आणि सुईणबाई बोलत बसल्या. पहिली पाच मिनिटं दोघींचे चेहरे असे, की मी खुर्चीत आक्रसून बसले. मग म्हणे दोघींचं एकाच हॉस्पिटलात शिक्षण झालेलं! कुठली सिस्टर कडक होती, कुठल्या वॉर्डात उंदीर होते, सगळं निघालं. चाळीस मिनिटं! मला सातच्या वर कधी आठवं मिनिट मिळालं नाही, त्या खोलीत चाळीस मिनिटं! पण ठरलं मात्र. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रेशर असं आहे, बाळंतपण इथेच व्हायला हवं." सुईणबाई म्हणाल्या, "मीही हेच सांगितलं असतं." आणि कळा सुरू झाल्या की सुईणबाई येतील, उशाशी बसतील, सुईण म्हणून नाही, नातेवाईक म्हणून. मला इतकं हायसं वाटलं! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं कुणीतरी दुसऱ्यानं ठरवलं होतं.

फक्त निघताना सुईणबाई जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या वेळी दुसरीच्या कळा सुरू नसल्या तर हं." म्हणजे बघा. माझी नातेवाईक माझी कधी, तर गावात दुसरी कुणी अडलेली नसेल तेव्हा.

म्हणून तर आज सुईणबाईंची वाट बघतेय. आज भरती करायचं की आठवडाभर थांबायचं, ते आत सांगणार आहेत. आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, हे बोलणं मी एकट्या पेशंटशी करत नाही, घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात अर्धंच शिरतं, सोबत कुणाला तरी आणा. बरोबरच आहे त्यांचं. अकराची वेळ दिली होती, आता... थांबा हं, फोन वाजला. त्याच असतील. खाली आल्या वाटतं.

...

...मेसेज आहे, वाचते. "त्या पलीकडच्या वसाहतीतली पहाटेपासून अडली आहे. तिला सोडून येता येत नाही. घाबरू नकोस. मॅडम काय म्हणतात ते नीट ऐक, दोनदा विचार, आणि मग तुझं तू ठरव."

नाही, नाही, रागावले नाही हो मी. रागावणार कुणावर? त्या बाईचाही हात कुणीतरी धरायला हवाच की. तिच्या फॉर्मवर कुणाचा नंबर असेल कोण जाणे. नॅपकिन आहे माझ्याकडे, राहू दे.

आलं वाटतं माझं नाव. हो, हो, मीच! आले, उठू दे तरी! सोबत? आहे ना सोबत. बाहेर आहे.

ऐका ना, तुम्ही जरा... नको, तुमचाही रांगेतला नंबर जाईल, आणि तुमचे मिस्टर पाणी आणायला गेलेत, ते शोधतील तुम्हाला. नको. आत येऊ नका. फक्त एक करा. मी दार उघडलं की डॉक्टरीणबाई माझ्या मागे बघतील, बघतातच. तेवढ्यात माझ्याकडे बघून एक हात हलवा. अगदी जवळचं माणूस हलवतं ना, तसा. जमेल? ...थोडा आणखी वर. हां. पुरे. एवढ्या नात्यावर सात मिनिटं सहज निघतात.