सुनेच्या वतीने

मी, सगळ्यांच्या तोंडी टेलरकाकू, वय ५९ वर्षे, धंदा कपडे अल्टर करून देणे, राहणार माझ्याच दुकानाच्या वरचा मजला, आज पोलीस ठाण्यात विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा, सून व त्यांची सात आठवड्यांची मुलगी असे राहतो. मुलगा लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. सून बाळंतपणाआधी चष्म्याच्या दुकानात कामाला होती व रजा संपल्यावर तिथेच परत जाणार होती.

आज सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी सून खाली दुकानात आली. बाळाला माझ्याकडे देऊन 'आई, जरा जाऊन येते' म्हणाली. कुठे, ते मी विचारले नाही. समोर गिऱ्हाईक होते आणि त्यांची पँट कमरेत बसत नव्हती. १२ वाजेपर्यंत ती आली नाही. वर जाऊन पाहिले तर तिचा मोबाईल आणि पर्स गादीवर होती. शेजारी कागदावर बाळाच्या दुधाच्या वेळा व पुढच्या लसीची तारीख नीट अक्षरात लिहिलेली होती. ते वाचून मी दुकानाला कुलूप लावले.

१ वाजता मी इथे आले. साहेबांनी 'रुसून माहेरी गेली असेल, संध्याकाळपर्यंत वाट बघा' असे सांगितले. तिचे माहेर आठ तासांवर आहे आणि पर्स घरी आहे, हे मी दोनदा सांगितले. ही गोष्ट जबाबात घेत नाहीत असे हवालदार म्हणतात. मी ती घ्यायला लावली आहे.

हवालदार तिसऱ्यांदा विचारत आहेत की घरात भांडण झाले होते का. नाही झाले. झाले असते तर बरे, निदान ती तोंड उघडून बोलली तरी असती. बाळ झोपले तरी आपल्याला झोप लागत नाही, असे तिने मला दोन वेळा सांगितले होते. मी म्हटले, 'बाळंतिणीला कुठली आलीय झोप? आम्ही काय झोपा काढल्या?' मुलाला सांगितले तर तो म्हणाला, 'होईल गं हळूहळू नीट.' लिफ्ट अडकली की हा माणूस जेवण टाकून पळतो.

मागच्या सोमवारी सुनेने तिचे पाच ड्रेस खाली आणले आणि ते वन्संच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, मापाचे करायला सांगितले. मला तिचे कौतुकच वाटले. मापाची वही काढून मी कामाला लागले. त्यात तिचा कामावर जायचा निळा ड्रेसही होता. परत कामावर जाताना काय घालशील, असे मी विचारले नाही. खालची दुमड किती ठेवू, एवढेच विचारले. पुढे उसवून मोठे करता यावे म्हणून मी नेहमी शिलाईच्या आत कापड सोडते. ती म्हणाली, 'नका सोडू, आई.' मी कापून टाकले. चाळीस वर्षे हे काम करते आहे, आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही, याचा मला संताप येतो.

गुरुवारी नर्सबाई बाळाचे वजन करायला आल्या. त्यांच्याकडे आईला विचारायच्या दहा प्रश्नांचा फॉर्म होता. आईला एकटीला विचारावे, असे त्यावर वरच छापलेले आहे, ते मला आज कळले. मी तिथेच उभी होते. भूक लागते का, रडू येते का, सगळ्याची उत्तरे मीच दिली आणि नर्सबाईंनी ती लिहून घेतली. त्यांना पुढे आणखी चार घरे करायची होती. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, असा होता. मी म्हटले, 'अहो, असलं अभद्र काय विचारता? भरल्या घरात आहे ती.' नर्सबाईंनी 'कधीच नाही' यावर खूण केली. सून दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली होती. ती काही बोलणार होती की नाही, हे मला सांगता येत नाही.

आज २ वाजून ४० मिनिटांनी मला बस डेपोतून फोन आला. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, सून बसून राहिली. कंडक्टरबाईंनी तिकीट मागितले तर नुसती बघत होती. त्या शेजारी बसल्या आणि सरळ विचारले, 'जिवाचं काही बरंवाईट करायचं डोक्यात आहे का, बाई?' सून 'हो' म्हणाली. मग अर्धा तास रडली. कंडक्टरबाईंनी तिला एकटे सोडले नाही, स्वतः हॉस्पिटलमध्ये नेले. माझा नंबर सुनेने त्यांना तोंडपाठ सांगितला.

सून आता वॉर्डात आहे, मुलगा तिच्याजवळ आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आजार आहे, पुष्कळ जणींना होतो आणि उपचाराने बरा होतो. फक्त वेळेवर कळायला हवा.

उद्या हवालदार तिचा जबाब घ्यायला जाणार आहेत व घरातली मोठी बाई सोबत हवी म्हणतात. मी दाराबाहेर बसेन. मला आत घेऊ नये. तिला बोलायला वेळ लागतो, आणि मी आत असले तर मला राहवणार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'किरकोळ घरगुती कारणावरून' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. बाकी मी सांगितले तसे आहे, आणि माझ्यापुरते बरोबर आहे. तिचे तिला विचारावे.