रिकाम्या हातानं या

सांगू काय, रविवारी बरोबर सव्वापाचले माझे मामा अमडापूरच्या बाजारातून आले आन् माझ्या पोरीच्या हाती चिप्सचा पुडा दिला. अंगणवाडीत तिचं वजन कमी भरलेलं, म्हणून मी म्हटलं, "मामा, पुडे नका आणत जाऊ. मंग पोरगी भाकर खात नाही."

मामा म्हणाले, "लेकराच्या घरी रिकाम्या हातानं यावं कसं वं?"

तेवढ्यात पोरगी म्हणे, "आई, तुह्या पिशवीतले पुडे कोणाले?"

ते मीच आणले होते, दुसऱ्या दिवशी जानेफळले बहिणीच्या पोराले न्यायले.

सोमवारी पोरीले घेऊन जानेफळले जाताना मी लाजत लाजत पुड्यांऐवजी उकडलेल्या शेंगा नेल्या. दोघंही लेकरं सोलत बसली, आन् पोरगी वरून अर्धी भाकर जेवली.

तवा आमच्या घरी शेंगा आणा, नाहीतर रिकाम्या हातानं या. येणाऱ्याजाणाऱ्याले एवढं सांगजा.