शेजारच्या सीटवरचा पाय

आणि वर म्हणतात, बूट बाहेर काढून या! नाही, मी म्हणतो, का? माणसाला धडधडतं ते छातीत, झोप उडते ती डोळ्यांवरची, मग बुटांनी कुणाचं काय घोडं मारलंय? पण नाही! "काका, पाय मोकळे ठेवा, जमिनीशी ओळख करून घ्या." ह्या आमच्या वर्गाच्या बाई. अहो, पन्नाशी उलटली माझी, आता जमिनीशी ओळख करून घेऊ?... बरं, हा वर्ग कसला, तर भीती घालवण्याचा. रंग, माती, कागद, आणि जमिनीवर आडवं पडून आपल्याच अंगाकडे लक्ष द्यायचं. लाज वाटते हो सांगायला, पण सांगतो.

मी गाडीच्या लायसनची टेस्ट घेतो. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरता ना, टोपी, काळा चष्मा, मांडीवर फाईल, शेजारच्या सीटवर बसून हूं की चूं न करणारा… तो मी! लोकांना वाटतं, काय आरामाची नोकरी, नुसतं बसून राहायचं. अहो, पण बसायचं कुणाशेजारी? ज्याला गाडी येत नाही त्याच्या! दिवसभर! समोरून ट्रक येतोय आणि हा पठ्ठ्या वायपर चालू करतोय, आणि माझ्याकडे ना स्टिअरिंग, ना ब्रेक, ना हॉर्न. मग माझा उजवा पाय आपोआप दाबतो. काय दाबतो? काही नाही! खाली रबरी चटई! पण दाबतो. आधी गाडीत दाबायचा, मग घरी सोफ्यावर दाबायला लागला, टीव्हीत कुणी धावत आलं की दाब, जेवताना मुलाने वाटी जोरात सरकवली की दाब, आणि झोपेत तर थेट बायकोच्या नडगीवर! मग धडधड, मग तळहातांना घाम, मग सगळ्या तपासण्या. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट उत्तम आहेत. बायको म्हणाली, "रिपोर्ट उत्तम आहेत तर ही नडगी काय दुसऱ्या कुणाची आहे?" आणि घातलं मला ह्या वर्गात.

लॉन्ड्रीच्या वरचा हॉल. गरम कपड्यांचा वास, खाली इस्त्रीची धपधप, आणि वर आम्ही दहा-बारा घाबरट गोल करून बसलेले. बाई म्हणाल्या, "आपण काय करता ते सांगा." आता काय सांगू? ज्याला बघून लोकांच्या तोंडचं पाणी पळतं, तोच इथे भीती घालवायला आलाय? समोर भिंतीवर कुंडीचं चित्र होतं. मी म्हटलं, "मी… माळी आहे." लाज वाटते हो, पण सांगतो, त्या क्षणापासून मी माळीकाका झालो! एक आजोबा विचारतायत, गुलाबाला बुरशी येते, काय करू? मी म्हणतो, उन्हात ठेवा. दुसरी विचारते, उन्हात पानं करपतात, काय करू? मी म्हणतो, सावलीत ठेवा. सगळे माना डोलावतायत. आणि कुणी ओळखायचा प्रश्नच नाही, चष्मा नाही, टोपी नाही, वर अनवाणी!

मग आडवं पडायचं. बाईंचा आवाज असा, गुदगुल्या केल्यासारखा… "आता लक्ष अंगठ्याकडे न्या… अंगठा काय म्हणतोय?" अहो, अंगठा काय म्हणणार? आजवर कधी बोलला नाही तो! पण तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोलू, दोन-तीन मंगळवार गेले आणि मला कळायला लागलं. पाय दाबायच्या आधी पोटरी ताठ होते. त्याच्याही आधी श्वास अडकतो. इतकी वर्षं माझ्याच अंगात हे सगळं चाललेलं आणि मलाच पत्ता नाही! बाईंनी हातात मातीचा गोळा दिला, म्हणाल्या, "श्वास अडकला की हा मळायचा." मळला. पाय गप्प! मला तर रडूच आलं, मी म्हटलं, डोळ्यात माती गेली.

आणि मग आला तो मंगळवार. "आज प्रत्येकाने आपली भीती कागदावर काढायची." मी काढला ट्रक. माळ्याला ट्रकची कसली भीती? म्हणून वर चार फुलं काढली. माझ्या शेजारी सॅम्पलताई. म्हणजे घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते, म्हणून सगळे तिला सॅम्पलताई म्हणतात, तिशीची असेल, बोलायला एकदम मोकळी. तिने काढला बूट. नुसता बूट, अख्खा कागदभर! काळा, पुढे झिजलेला, आणि अंगठ्यापाशी तपकिरी दोऱ्याने घातलेला टाका.

तो टाका माझ्या चांभाराने घातला होता. काळा दोरा संपला होता त्याचा.

बाई म्हणाल्या, "सांग ना, काय आहे हे?" ती म्हणते, "हा माझ्या शेजारी असतो, लायसनच्या टेस्टला. मी रस्ता बघतच नाही, ह्यालाच बघते. हा दबला की मला वाटतं, पुढे काहीतरी आहे, साहेबांना दिसलं, मला नाही दिसलं! मी कचकन ब्रेक मारते. पुढे काहीच नसतं. आणि साहेब लिहितात, 'विनाकारण ब्रेक मारतात', नापास! उद्या परत टेस्ट आहे. लॅबवाल्यांनी सांगून टाकलंय, गाडी चालवणारेच ठेवणार. ह्या वेळी नाही झालं तर नोकरी गेली."

'विनाकारण ब्रेक मारतात.' माझं आवडतं वाक्य हो! इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप लिहितो. आणि कारण कोण? कारण माझ्याच गुडघ्याखाली! मी घाबरायचो, पाय दाबायचा, तो बघून समोरचा घाबरायचा, आणि नापास कोण? समोरचा! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. किती जणांच्या नोकऱ्या अडल्या असतील, किती जणांनी गाडीचा नादच सोडला असेल… आणि मी तिथे फुलं काढत बसलोय! बाई म्हणतात, "माळीकाका, आत्ता अंगात काय होतंय?" मी म्हटलं, "काही नाही, मुंग्या आल्यात." आणि खाली बघतो तर पाय… दाबतोय! सतरंजीवर! सगळ्यांदेखत!

बोलायला नको होतं? हवं होतं! आत्ता, तिथल्या तिथे, 'ताई, तो बूट माझा' म्हणायला हवं होतं. पण तोंडच उघडेना. बरं, तो बूट होता कुठे? दाराबाहेर, सगळ्यांच्या चपलांच्या ओळीत, तपकिरी टाका वर करून! आता तो सगळ्यांसमोर पायात कसा घालू? लाज वाटते हो, पण सांगतो, मी तसाच निघालो. अनवाणी! लॉन्ड्रीवाला ओरडला, "काका, बूट?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी बंद केलेत." घरी बायको दारातच. "बूट कुठेत?" "वर्गात राहिले." "आणि तुम्ही घरापर्यंत आलात तरी पायांना कळलं नाही? मग तिथे अंगठ्याशी बोलता ते काय, हवापाण्याबद्दल?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो ते मुलाचे केशरी स्पोर्ट शूज घालून, एक नंबर मोठे, चालताना फटक फटक. वर टोपी, चष्मा, आणि खाली केशरी! रांगेत सॅम्पलताई उभी. जवळ आली, हातात पिशवी. म्हणते, "साहेब, तुमचे बूट."

तुम्हाला सांगतो, जमीन दुभंगली असती तर मी रांग न लावता आत गेलो असतो. तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "ताई… माझं चुकलं. पुढे काहीच नसायचं. मीच घाबरायचो." एवढंच. तिने पिशवीतून मातीचा गोळा काढला, माझ्या हातावर ठेवला, आणि म्हणाली, "बूट आज घालू नका. मांडी घालून बसा."

आणि बसलो! सरकारी माणूस, शेजारच्या सीटवर, मांडी घालून, माती मळत! गाडी निघाली. वळण घेतलं, छान. चढावर थांबली, छान. गल्लीतून एकदम भाजीची हातगाडी आडवी आली, माझा श्वास अडकला, पोटरी ताठ, गोळ्याचा पार चेंदामेंदा… पण तिने रस्ता बघितला होता. हलकेच ब्रेक मारला, हातगाडीवाल्याला जाऊ दिलं, आणि पुढे निघाली. मी 'पास' लिहिलं तेव्हा फाईलभर माती झाली. ती कागद छातीशी धरून रडायला लागली, आणि मग मीही. ह्या वेळी डोळ्यात माती खरंच होती.

जाताना मी विचारलं, "ताई, ओळखलंत कधी?" म्हणते, "पहिल्याच दिवशी."

"मग ती गुलाबाची बुरशी?"

"ती आम्ही ठरवून विचारली, साहेब. सगळेच ओळखतात तुम्हाला. अर्धा वर्ग तुमच्यामुळेच तर आलाय!"

आता सांगा, मंगळवारी कोणत्या तोंडाने जायचं? मी ठरवलंच, जायचं नाही! तेवढ्यात काल बाईंचा फोन. "काका, ह्या मंगळवारी नक्की या हं. आपापली भीती मातीत करायची आहे. तुम्हाला काही करायचं नाही, फक्त मधोमध स्टुलावर बसायचं. बाकीच्यांना आठवणीतून करताना तुमचं नाक जमत नाहीये."

बसतो म्हटलं.