आज सकाळपासून

या मंडळी, पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकून डुलकी काढता येते, पुढे ती सोय नाही, एवढाच काय तो तोटा!

आधी एक प्रश्न. एक अडाणी माणूस खोटं बोलला आणि एक जाणता माणूस खोटं बोलला, तर पाप जास्त कुणाला? बोला! त्या आजी म्हणतायत, दोघांना सारखंच. असेल हो आजी, देवाच्या दारी असेल तसं. पण अडाण्याचं खोटं ऐकतो कोण? जाणत्याचं मात्र सगळे ऐकतात! मान डोलवून ऐकतात, त्याच्या मागून चालायला लागतात. मग?

ऐका. आजच्या आख्यानात ऋषी नाही, राक्षस नाही. एक बोट आहे आणि दोन बायका आहेत, नणंद आणि भावजय. पेटीवाले हसले! अहो, भांडणाची गोष्ट नाही ही. या दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं. तिथंच तर घात झाला.

भावजयीचं नाव नलिनी वागळे. राहायला ठाण्याला. मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा दूर देशी, आणि बाईंना नाद लागला बोटीचा. आपली रेवसची बोट नव्हे! दहा-दहा मजल्यांच्या त्या क्रूझ. तीन हजार माणसं पोटात घेऊन आठ-आठ दिवस समुद्रात हिंडायचं. आत नाटकगृह, पोहायचा तलाव, आणि खाणं तर विचारू नका. लग्नाची पंगत निदान कधीतरी उठते. ही उठतच नाही!

एकोणीस सफरी केल्या बाईंनी, आणि प्रत्येक सफरीतून शहाणपण गोळा करून आणलं. खोली कुठली घ्यावी? बोटीच्या मधली, खालच्या मजल्यावरची. पाळण्याला झोका टोकाला जास्त, मध्ये कमी. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. मळमळलं तर आलेपाक तोंडात आणि नजर लांब क्षितिजावर. बंदरात उतरलात तर घड्याळ बोटीचं पाळायचं, गावाचं नाही. बोट नवरदेवासाठीसुद्धा थांबत नाही! खरं आहे हो सगळं. यातलं एक अक्षर खोटं नाही. म्हणूनच लोकांचा विश्वास बसला. ओळखीपाळखीचे, नात्यातले लोक त्यांना विचारून तिकिटं काढायला लागले. विसाव्या सफरीला तर बावीस माणसं निघाली त्यांच्या शब्दावर!

पण या सगळ्या खऱ्यात एक खोटं होतं, आणि बाई तेही तेवढ्याच प्रेमानं वाटत होत्या.

बोटीवर चढताना एक कागद भरून घेतात. गेल्या दोन-तीन दिवसांत उलट्या, जुलाब, ताप? खरी उत्तरं द्या. का विचारतात? कारण तीन हजार माणसं एकाच कठड्याला हात लावतात, एकाच डावानं वाढून घेतात. एकाचं पोट बिघडलं की शंभरांचं बिघडतं. नलिनीबाई काय सांगायच्या? "डोळे मिटून सगळीकडे 'नाही' लिहा! 'हो' लिहिलंत तर चढू देत नाहीत, नाहीतर खोलीत कोंडतात. मी एकोणीस वेळा 'नाही' लिहिलंय."

नाक मुरडू नका. विम्याच्या कागदावर "तंबाखू खाता का?" याच्यापुढे "नाही" लिहिणारा माणूस मी पाहिलाय. लिहिताना तंबाखू गालात होती!

आता नणंद. इंदुमती. वेंगुर्ल्याची, चौसष्ट वर्षांची, शिवणकाम करून दोन मुलं मोठी केलेली विधवा बाई. वहिनीनं फोन केला, "इंदू, या खेपेला तू माझ्याबरोबर यायचंस."

"इश्श! वहिनी, मी रोज बघते की समुद्र."

"तू काठावरून समुद्र बघतेस. एकदा समुद्रावरून काठ बघ."

निघाली इंदू. विमानानं परदेशातल्या त्या बंदराच्या गावी पोचल्या. आदल्या दिवशी हॉटेलात उतरल्या, आणि इंदूचं पोट बिघडलं. तीनदा, चारदा, सहादा. सकाळी बोटीवर चढायचं, आणि कागद पुढ्यात. इंदूला इंग्रजी वाचता येत नाही.

"वहिनी, यात काय लिहायचं?"

"सही कर. बाकी मी भरते."

केली सही! बाईंनी "नाही" लिहिलं. वाईट हेतू होता का? मुळीच नाही. नणंदेचं स्वप्न मोडू नये, एवढंच मनात होतं. त्यांना वाटलं, विमानातलं खाणं बाधलं असेल, दोन दिवसांत उतरेल.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. बाईंनी आपल्या पिशवीतली जुलाब थांबवायची गोळी दिली, साखर-मिठाचं पाणी दिलं. इंदूच्या पोटात घोटभर टिकेना. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती, लघवी जास्त व्हायची ती. तिनं विचारलं, "वहिनी, ही घेऊ की नको?" वहिनी म्हणाल्या, "घे बाई, रक्तदाबाची गोळी चुकवायची नसते." शरीरात आधीच पाणी नाही, त्यात ही गोळी उरलंसुरलं बाहेर काढतेय! बाईंना नव्हतं ठाऊक. पण "मला ठाऊक नाही" हे वाक्य जाणत्या माणसाच्या तोंडात येतच नाही हो. सवय गेलेली असते.

तिसऱ्या दिवशी बोट एका बेटाला लागली. नाव मला नीट उच्चारता येत नाही, सोडून द्या. चांगलं मोठं गाव, बंदरापासून पाच मिनिटांवर इस्पितळ. बोट पाच वाजता सुटणार, आणि मग दोन दिवस नुसतं पाणी. दुपारी तीनला इंदू न्हाणीघरातून भिंत धरधरून बाहेर आली आणि पलंगावर बसायच्या ऐवजी खालीच बसली.

"वहिनी, डॉक्टरला बोलवू या का हो?"

बोलावलं. बोटीवरचा डॉक्टर आला, तरणा माणूस, मवाळ बोलणारा. त्याला मराठी येत नाही, इंदूला इंग्रजी येत नाही. मधे कोण? तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई!

त्यानं नाडी धरली, जीभ बघितली. इंग्रजीत विचारलं, "यांना हे कधीपासून होतंय?"

बाईंनी मराठीत विचारलं, "इंदू, कधीपासून?"

इंदू म्हणाली, "चार दिवस झाले ना वहिनी."

डॉक्टर वहिनीच्या तोंडाकडे बघत होता. मंडळी, थांबा इथं जरा. त्या एका श्वासात बाईंच्या मनात काय काय येऊन गेलं, ऐका. चार दिवस म्हटलं तर तो कागद निघेल. सही इंदूची, अक्षर माझं. दोघींना उतरवतील. माझं नाव कायमचं काळ्या यादीत. बावीस माणसांसमोर बॅगा घेऊन उतरायचं? आणि आज रात्रीच्या जेवणाला विसाव्या सफरीबद्दल कप्तान स्वतः माझा सत्कार करणार आहे...

बाई म्हणाल्या, "सिन्स दिस मॉर्निंग."

आज सकाळपासून.

डॉक्टर घुटमळला. पुन्हा विचारलं, "नक्की? जीभ फार सुकलीय." बाई म्हणाल्या, "नक्की!" शाळेत मुलीनं दुसऱ्यांदा शंका विचारली की ज्या आवाजात म्हणायच्या, त्याच आवाजात!

आज सकाळचे जुलाब, मग घाबरण्यासारखं काय? त्यानं एक सुई टोचली, पाण्यात घालायच्या पुड्या दिल्या, खोलीतच राहा म्हणाला, आणि "वाढलं तर लगेच बोलवा" असं दोनदा सांगून गेला. पाच वाजता शिडी वर ओढली. बोट सुटली.

संध्याकाळी बाई तयार झाल्या. जांभळी पैठणी, मोत्यांच्या कुड्या. इंदूच पलंगावरून म्हणाली, "जा तुम्ही वहिनी. निऱ्या एका बाजूनं वर गेल्यात, इकडे या." आणि झोपल्या झोपल्या तिनं वहिनीच्या निऱ्या सारख्या केल्या. शिवणाऱ्या बाईचे हात ते. वर सत्कार झाला. टाळ्या, फोटो, कप्तानानं सोनेरी बिल्ला लावला. आपली बावीस माणसं उभी राहून ओरडली, "थ्री चिअर्स फॉर काकू!"

सकाळी बाई उठल्या. इंदू जागीच होती. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. बाईंनी विचारलं, "लघवीला गेली होतीस?"

"काल दुपारपासून नाही हो झालेली."

मग जरा वेळानं, अगदी सहज, जसं दळणाचं काही बोलावं तसं इंदू म्हणाली, "वहिनी, काल तुम्ही फोर म्हणाला नाहीत."

बाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मला फोर कळतं. नातवाचं वन-टू-थ्री मीच करून घेते ना! तो इंग्रजीत काय बोलला ते नाही कळलं, पण तुम्ही फोर म्हणाला नाहीत, एवढं कळलं."

"मग... मग बोलली का नाहीस इंदू?"

इंदूला नवल वाटलं या प्रश्नाचं. म्हणाली, "तुम्ही एकोणीस वेळा आलात. काहीतरी ठाऊक असेल म्हणूनच म्हणाला नसाल. मी कशाला मधे बोलू?"

मंडळी... शिवी दिली असती तर बरं झालं असतं हो!

नलिनीबाई अनवाणी धावल्या. जिन्यावरून, चकचकीत आरशांसमोरून, पदर खांद्यावरून निसटलेला. दवाखान्याच्या दारातच ओरडल्या, "फोर डेज! फोर डेज! मी खोटं बोलले!" डॉक्टरनं एकदाच बघितलं त्यांच्याकडे. पळत खाली गेला. रक्त तपासलं, सलाईन लावलं, आणि मग बाहेर येऊन हळूच म्हणाला, "मूत्रपिंडं थांबल्यासारखी आहेत. माझ्याकडे त्याचं यंत्र नाही. काल त्या बेटावर होतं."

कप्तानानं बोट वळवली. मी म्हटलं होतं ना, बोट नवरदेवासाठी थांबत नाही? शिवणकाम करणाऱ्या इंदूसाठी मात्र ती दहा मजल्यांची बोट मागे फिरली! पण सोळा तासांचं पाणी कापायचं होतं. भोंग्यातून सांगितलं, "आजारी प्रवाशासाठी आपण मागे जात आहोत." आणि बाईंच्या कानावर दाराबाहेरून मराठी आली, आपल्याच माणसांची: "कोण आहे बाई ती? गेलं ना आपलं पुढचं बेट!"

इंदूनं त्या दिवशी दुपारी हात धरून विचारलं, "काठ दिसतो का वहिनी?"

काठ अजून दहा-अकरा तासांवर होता. बाईंच्या तोंडावर आलं होतं, "हो, दिसतो." काय बिघडलं असतं? मरणाऱ्या माणसाशी बोललेलं गोड खोटं! पण जीभ उचलेना. म्हणाल्या, "नाही गं इंदू. अजून लांब आहे."

"बरं," इंदू म्हणाली. तेवढंच. चार वाजता ती गेली.

बायकांनो, डोळे पुसा, पण उठू नका. अजून आहे.

बोट बेटाला लागली. नलिनीबाई इंदूला घेऊन उतरल्या. पोलिसांचे कागद, दवाखान्याचे कागद. या वेळी प्रत्येक कागदावर खरं लिहिलं. आणि शवागाराच्या बाहेर बाकड्यावर बसल्या असताना फोन वाजला. बोटीवरून, त्यांच्याच बावीस माणसांतले गद्रे म्हणून एक गृहस्थ. आवाज दबका.

"काकू, वाईट झालं हो. धीर धरा. आत्ता विचारू नये, पण... आमच्या हिला परवापासून जुलाब होतायत. डॉक्टर खोलीखोलीत विचारत फिरतोय. तुमचं लक्षात होतं म्हणून मी 'नाही'च सांगितलं. बरोबर ना?"

हे बघा! बाई उतरल्या, पण बाईंचा सल्ला अजून बोटीवरच हिंडत होता!

"गद्रे, बोट सुटली का?"

"नाही, अर्ध्या तासानं."

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा आणि सांगा, परवापासून."

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात! खोलीत कोंडतील! नाहीतर उतरवतील!"

"उतरवू देत! इंदू आत शवागारात आहे, मी दारात बसून बोलतेय, गद्रे. मी तिला इंग्रजीत मारलं. तुम्ही तुमच्या बायकोला मराठीत मारू नका!"

फोन बंद झाला. अर्ध्या तासानं भोंगा वाजला. बाई बंदराच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. बोट निघाली. पण ती सुटायच्या आधी शिडीवरून चाकाची खुर्ची उतरली होती. त्यात गद्रेबाई, मागे दोन बॅगा ओढत गद्रे, घामानं निथळलेले, चिडलेले. बाईंशी बोललेसुद्धा नाहीत. त्यांची बायको आठ दिवसांनी चालत घरी गेली. आजही गद्र्यांना वाटतं, काकूंमुळे सहल बुडाली!

मंडळी, इंदू परत आली का? नाही. एका खऱ्यानं आधीचं खोटं फिटलं का? मला विचारू नका, मला माहीत नाही. बघा, मला म्हणता आलं! नलिनीबाईंना ते चार दिवस आधी म्हणता आलं असतं, तर...

आता तुमचं. तुम्ही बोटीवर जाणार नाही, ठाऊक आहे मला. पण तुमच्यापैकी प्रत्येकजण कुणाचा तरी जाणता आहे. कुणाची मोठी जाऊ, कुणाचा थोरला भाऊ, कुणाचा मास्तर. तुम्ही दुसऱ्याच्या वतीनं बोलता. तिचं दुखणं डॉक्टरला तुम्ही सांगता, त्याचं म्हणणं चार लोकांत तुम्ही मांडता. आणि तो बिचारा शेजारी बसून तुमच्या तोंडाकडे बघत असतो. त्याला सगळं कळतं, बरं! तो गप्प बसतो, कारण त्याला वाटतं, यांना काहीतरी ठाऊक असेल.

आज घरी जाल तेव्हा त्या गप्प माणसाशेजारी बसा आणि विचारा, "माझ्या शब्दावर कशाकशात गप्प बसलायस तू?" उत्तर ऐकवणार नाही कदाचित. तरी ऐका. तो जिवंत आहे तोवर ऐका.

चला, जोडा हात, आणि देवाचं नाव घ्या. सगळ्यांबरोबर म्हटलं नाही तरी चालेल. हळू म्हणा, पण स्वतःच्या तोंडानं म्हणा.