सगुणा रोह्याला, मी एसीच्या दुकानात

…नाय, पण आता तुम्हीच सांगा, थंडी काय टनावर मोजायची वस्तू हाय? तीस वर्षं मी धरमतरच्या जेटीवर बार्ज खाली करून घेतल्या, कोळसा टनावर, खत टनावर, पत्रा टनावर, हयात गेली त्यात, आणि पेणच्या भर बाजारात एसीवाला नासिर मला विचारतो, "काका, एक टन का दीड टन?" म्हटलं, बाबा रे, दीड टन आमच्या भिंतीला टांगलास तर भिंत शेजारच्या पुंडलिकाच्या अंगणात जाईल! तर हसतो. "काका, एसीचा टन म्हणजे वजन नाय." वजन नाय तर टन म्हणता कशाला? उद्या लुगडं लिटरवर विकाल! आणि हे सगळं मी मुकाट्यानं ऐकून घेतोय, का? कारण सगुणा रोह्याला!

सगुणा म्हणजे आमची मंडळी. तुम्हाला सांगतो, अडतीस वर्षांत, बाळंतपणं सोडली तर, ही बाई घराबाहेर दोन दिवसांवर राहिलेली नाय. मे महिना लागला आणि गेली धाकट्या बहिणीकडं, मालूकडं, पापड लाटायला. "परवा येतेच हो." परवा गेला, तेरवा गेला, आठवडा गेला! फोन केला, पापड झाले का गो? झाले. वाळले? वाळले. मग? तर म्हणते, "अहो, इथं एसी हाय. काय गार वाटतं म्हणून सांगू!"

झालं! म्हटलं, बाई गेली पापडापायी आणि अडकली एसीपायी. आणि इथं माझी काय दशा? चहा करायला गेलो तर तीन डब्यांवर 'डाळ' लिहिलंय आणि एकातही डाळ नाय! एकात रवा, एकात सुया-दोरे, एकात आमच्या लग्नाचा फोटो… रव्यावाचून अडलं नाय, पण त्या फोटोपाशी चहा उतू गेला. पेपर वाचताना खाकरलो तर "काढा करू का?" विचारणारं कोण नाय. घर कसं खायला उठतं! आणि सगुणा रोह्याला!

म्हणून गेलो नासिरच्या दुकानात. निजायची खोली आमची एकच, तेवढी गार केली की बास. पण एसी घेणं म्हणजे सोयरीक जुळवणं हो! नासिर विचारतो, "खोली केवढी? ऊन कुठल्या भिंतीला? वर स्लॅब का पत्रा?" सगळं सांगितलं. मग विचारतो, "माणसं किती निजतात?"

मी म्हटलं, "दोन." म्हटलं खरं! अहो, नऊ दिवस एकटाच निजत होतो ना!

मग थ्री स्टार का फाइव्ह स्टार? म्हटलं, थांब, घरात विचारतो. लावला फोन. "सगुणा, स्टार किती घेऊ गो?" "मला काय कळतंय त्यातलं?" पण बोलली बघा पाच मिनिटं! दुसऱ्या दिवशी खिडकीचा का भिंतीचा? लाव फोन. तिसऱ्या दिवशी पांढरा का सोनेरी पट्टीवाला? लाव फोन. चौथ्या दिवशी विचारायला काय उरलं नाय, तरी दुकानात जाऊन बसलो. नासिर म्हणाला, "काका, मी बारा वर्षं कुवेतला एसीत निजलो. माझी बायको फरझाना इथं पंख्याखाली. मला रात्री तिला विचारायला काय सुचायचं नाय, तर मी विचारायचो, आज भाजी काय केली." एवढं बोलला आणि पावती फाडली.

एसी बसला. फोन केला, "बसवला गो!" "बरं झालं." "मग?" "मग काय?" आणि ठेवला की फोन! तीन दिवस मी त्या यंत्राखाली अठरावर थंडगार पडून, दाराकडं कान लावून. घर फ्रिजसारखं, आणि सगुणा रोह्याला!

शेवटी बसलो गाडीत. नागोठणं गेलं, निडी गेली, रोह्याला उतरलो, मालूच्या दारात उभा. मालू बघते तर काय! "आलात व्हय भावजी? रोज गाडीच्या टायमाला ताई वेणी घालून पायरीवर बसते, आणि गाडी गेली की उठून भांडी घासते!"

मी सगुणाकडं बघितलं. म्हटलं, अगो, मग सांगायचंस ना, न्यायला या म्हणून!

तर म्हणते, "मी सांगितल्यावर आलात तर ते येणं काय? मी म्हटलं एसी हाय, तुम्ही एसीच घेतलात!" आणि पदर तोंडाला. हसत होती का रडत होती, देव जाणे. पिशवी भरलेली होती. दारामागं. कधीची!

तर आणली घरी. खोलीत नेली, बटण दाबलं, म्हटलं घे, दीड टन! दहा मिनिटं बसली आणि उठली. "माझे गुडघे धरतात हो यानं." पडवीत चटई टाकली, पंखा लावला, निजली. आणि मला, मेल्याला, त्या तीन दिवसांत एसीची सवय लागलेली! आत मी, बाहेर ती, मधे बंद दार… हे तर रोह्याहून लांब झालं! मग काय करतो? रोज दुपारी जेवलो की दीड टन बंद करतो, उशी काखेत मारतो, पडवीत जाऊन तिच्या शेजारी घामाघूम होऊन पडतो. आणि ती, डोळे न उघडता मला काय म्हणते माहितीय?

"जरा सरका तिकडं. गरम होतंय."