चौकातला खोडा

...आणि वर मला म्हणतात, हसा! मान फळीत, मनगटं फळीत, नाकाला खाज सुटलेली, डोक्यावर टळटळीत ऊन, समोर पन्नास-साठ माणसं मोबाइल रोखून उभी... हसा काय हसा? तुम्हाला सांगतो, चूक एकच, मी बायकोचं ऐकलं. एरवी मी ऐकत नाही, विचारा कोणालाही!

झालं काय, हीच म्हणाली, "अहो, एक दिवस कुठेतरी जाऊन येऊ. तो साहेबाच्या काळातला चौक बघण्यासारखा आहे म्हणे." बघण्यासारखं काय, तर घोड्यावर कुणी लाटसाहेब, त्याच्या टोपीवर कबुतरं, आणि एक मनोरा, त्याच्या चार बाजूंना चार घड्याळं आणि चौघांची वेळ चार तऱ्हेची! त्यात हिची बॅग. एका दिवसाच्या सहलीला ही एवढी! म्हटलं, "दगड भरलेस का?" तर नुसती हसली. अख्खा चौकभर ती बॅग मी वाहिली हो, मी! आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

तर चौकाच्या मधोमध तो खोडा. दोन जाड फळ्या, मध्ये मानेचं भोक, बाजूला मनगटांची. गाइड घसा खाकरून, "मंडळीऽऽ! पूर्वी इथे गुन्हेगाराला अडकवून त्याचा गुन्हा चारचौघांत वाचून दाखवायचे! आहे कुणी हौशी?" आणि ही... पाहुण्यांसमोर जिच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती हात वर करून, "आमच्या ह्यांना घ्या!" टाळ्या पडल्या. आता टाळ्या पडल्यावर माणूस मागे कसा फिरणार? घातली मान. खटकन फळी बसली. गाइडला तर चेवच आला, "बोला बाई, काय गुन्हा यांचा?"

मला वाटलं, सांगेल काहीतरी, घोरतात, ओला टॉवेल गादीवर टाकतात... तर ही काय बोलली ऐका! "बावीस वर्षं मी शाळेत शिकवलं. परगावी मुख्याध्यापिकेची जागा मिळाली, नेमणुकीचं पत्र घरी आलं, ते यांनी लपवलं. मी रोज पोस्टमनला विचारायची, आणि हे शेजारी उभे राहून म्हणायचे, नसेल तुझ्या नशिबात!"

पन्नास-साठ मोबाइल आणखी जवळ सरकले! अहो, लपवलं म्हणजे काय, जपून ठेवलं! वॉरंटी कार्डांच्या पिशवीत! दहा वर्षांत ती पिशवी कुणी उघडली नव्हती, पण त्या मेल्या मिक्सरला त्याच आठवड्यात बिघडायचं होतं! आणि नाही लपवणार तर काय करणार? ही गेली की माझी रक्तदाबाची गोळी कोण देणार? तिन्हीसांजेला दार कोण उघडणार? मला रिकाम्या घराची भीती वाटते, हे काय तोंडाने सांगायचं असतं? लपवलं एक पत्र. माझं काय चुकलं?

गर्दीतून एक आजी पुढे आल्या. म्हटलं, कनवाळू दिसतात, पाणी देतील. मला वरखाली निरखून गाइडला म्हणाल्या, "जित्याची खोड आहे ही. राहू दे असाच."

मी ओरडलो, "अगं, घरी बोलू! आधी मला काढायला सांग!" गाइडने खुंटी ओढली. हलेना! परवाच्या पावसात लाकूड फुगलंय म्हणे, सुताराला बोलावतो म्हणे! तेवढ्यात ही जवळ आली, पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला, नाकसुद्धा खाजवून दिलं. म्हटलं, विरघळली! तर कानाशी येऊन काय म्हणते, "मी शाळेत फोन केला होता. मुदत वाढवून दिली त्यांनी, उद्या सकाळी रुजू व्हायचंय. जन्मभर तुम्ही माझ्या कामात खोडा घातलात, आज थोडा वेळ राहा खोड्यात." आणि बॅग उचलली... एका हाताने! मान वळवून बघताही येईना हो, कुठल्या बाजूला गेली ते. "अगं ए! अगं, ऐक तरी!" नुसती चपलांची चटचट.

तासाभराने सुतार आला. फळीला करवत लावली आणि थांबला. म्हणाला, "साहेब, जरा हललात तर कान जाईल. डोकं घट्ट धरायला घरचं माणूस पाहिजे. आहे का कुणी?"

म्हटलं, "आहे हो... आहे ना! पण ते एव्हाना गाडीत बसलं असेल."